तीन टक्के जागेचा इतिहास : सिंगापूरच्या मरीना बे सॅण्ड्सची उभारणी आणि विस्तार

१५ जुलै २०२५ रोजी सिंगापूरच्या मरीना बे परिसरात, पंतप्रधान लॉरेन्स वाँग यांच्या उपस्थितीत, एका नव्या मनोऱ्याच्या बांधकामाचा प्रारंभ झाला. तीन उंच इमारतींच्या माथ्यावर जहाज आडवे ठेवल्यासारखे छत असलेले मरीना बे सॅण्ड्स हे संकुल छायाचित्रांमुळे जगभर ओळखीचे आहे. त्याच्याच शेजारच्या भूखंडावर आता ५५ मजल्यांची आणखी एक इमारत, तिच्यात ५७० प्रशस्त स्वीट (हॉटेलातील ऐसपैस खोल्यांचे संच), परिषदांसाठी दालने आणि १५,००० आसनांचे प्रेक्षागृह उभे राहायचे आहे. जमिनीची किंमत आणि कर्जावरचे व्याज धरून या विस्ताराचा खर्च सुमारे ८ अब्ज अमेरिकी डॉलर सांगितला गेला आहे. मूळ संकुलाला साधारण ५.७ अब्ज डॉलर लागले होते, म्हणजे हा एकटा विस्तार पहिल्या तीन मनोऱ्यांसह उभ्या राहिलेल्या सगळ्या बांधकामापेक्षा महाग पडणार आहे.

या संकुलाविषयी लिहिताना बहुतेकांचे लक्ष छतावरच्या तलावाकडे जाते. ते स्वाभाविक आहे, पण हे सारे बांधकाम ज्याच्या मिळकतीवर उभे आहे तो भाग बाहेरून दिसतही नाही. मूळ संकुलाला मंजूर झालेले एकूण चटई क्षेत्र ५ लाख ७० हजार चौरस मीटर होते आणि त्यांपैकी प्रत्यक्ष जुगारासाठी सरकारने मोजून दिलेली जागा होती १५,००० चौरस मीटर, म्हणजे तीन टक्क्यांहूनही कमी. ही मर्यादा का घातली गेली, ती कशी टिकली आणि ती वाढवून देताना सरकारने काय वसूल केले, हे पाहिल्याशिवाय नव्या मनोऱ्याचा अर्थ लागत नाही.

सिंगापूरचा आणि जुगाराचा संबंध शहराच्या जन्माइतकाच जुना आहे. १८१९ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने तेथे ठाणे वसवले, तेव्हा बंदर जकातमुक्त ठेवण्याचे ठरल्यामुळे कारभाराचा खर्च भागवायचा कसा, हा प्रश्न पहिला रेसिडेंट (कंपनीचा तेथला कारभारी) विल्यम फार्कर याच्यापुढे लगेच उभा राहिला. १८२० मध्ये त्याने अफू, दारू आणि जुगार यांचे मक्ते दिले. जुगाराच्या मक्त्याला, हे ठाणे वसवण्यात पुढाकार घेणाऱ्या स्टॅम्फर्ड रॅफल्सचा विरोध होता आणि १८२३ मध्ये त्याने जुगाराचे अड्डे व कोंबड्यांच्या झुंजी बंद करविल्या. पुढचा रेसिडेंट जॉन क्रॉफर्ड याने तो मक्ता पुन्हा सुरू केला. १८२९ मध्ये तो कायमचा रद्द झाला. तिजोरीची गरज आणि नीतीचा आग्रह यांची ही ओढाताण दोनशे वर्षांपूर्वीच, अवघ्या नऊ वर्षांत, एकदा पूर्ण खेळून झाली होती. पुढे चोरटा जुगार मात्र चालूच राहिला.

स्वातंत्र्यानंतरच्या सरकारने जुगार निर्मूल होईल असा आव आणला नाही. घोड्यांच्या शर्यती वसाहतकाळापासून चालू होत्या. चोरट्या आकड्याला आळा बसावा म्हणून १९६८ मध्ये सरकारने सिंगापूर पूल्स ही संस्था काढली आणि तिच्यामार्फत सोडत व अंक लावण्याचे खेळ अधिकृत केले. या संस्थेचा नफा लोककार्याकडे वळवला जाई. कॅसिनोला मात्र पहिले पंतप्रधान ली क्वान यू यांच्या सरकारने दार बंदच ठेवले. ज्यांना खेळायचे होते ते मलेशियातील गेंटिंग हायलंड्सला जात, किंवा बंदरातून निघून खोल समुद्रात फेरी मारून परत येणाऱ्या जहाजांवर चढत. पैसा देशातून बाहेर जात होता, हे सरकारला ठाऊक होते आणि ते त्याने पत्करले होते. १९८५ च्या मंदीत कॅसिनोची सूचना पुढे आली तेव्हा ती नाकारली गेली. २००२ मध्ये अर्थव्यवस्थेच्या फेरआढाव्यासाठी नेमलेल्या समितीच्या पर्यटनविषयक गटाने ती पुन्हा मांडली, तेव्हाही समितीचे अध्यक्ष ली सिएन लूंग यांनी विरोधच केला.

त्याच ली सिएन लूंग यांनी तीन वर्षांनी पंतप्रधान म्हणून संसदेत उलट निर्णय जाहीर केला. मधल्या काळात तीन गोष्टी घडल्या होत्या. चीनमधील मकावने जुगारावरची एकाच कंपनीची मक्तेदारी २००२ मध्ये संपवली आणि २००४ च्या मे महिन्यात अमेरिकेच्या लास व्हेगास सॅण्ड्स कंपनीने तेथे आपला पहिला कॅसिनो उघडला. २००३ मध्ये सार्सच्या साथीने सिंगापूरचे विमानतळ आणि हॉटेले ओस पडली. आणि पर्यटनाचे आकडे त्याआधीपासूनच घसरत होते. आशिया-प्रशांत प्रदेशातील पर्यटकांमध्ये सिंगापूरचा वाटा १९९८ मध्ये ८ टक्के होता, तो २००२ मध्ये ६ टक्क्यांवर आला होता. परदेशी पाहुणा हाँगकाँगमध्ये चार दिवस आणि लंडनमध्ये पाच दिवस राहत असताना सिंगापूरमध्ये तीनच दिवस काढत होता. शहर स्वच्छ आहे, सुरक्षित आहे, पण पाहण्यासारखे काही उरले नाही, असे लोक म्हणू लागतील, ही भीती पंतप्रधानांच्या भाषणात स्पष्ट होती.

मार्च २००४ मध्ये व्यापारमंत्री जॉर्ज यिओ यांनी सरकार या विषयाचा विचार करीत असल्याचे संसदेत सांगितले आणि पुढचे वर्ष सिंगापूरच्या मानाने अपूर्व अशा जाहीर वादाचे गेले. चर्च, मुस्लिम संघटना, समाजसेवी संस्था यांनी विरोध नोंदवला. कॅसिनोविरोधी अर्जावर हजारो नागरिकांनी सह्या केल्या. मंत्रिमंडळातही एकमत नव्हते. ली क्वान यू यांनी आपण आयुष्यभर याच्या विरोधात होतो, हे सांगूनच निर्णयाला पाठिंबा दिला. १८ एप्रिल २००५ रोजी ली सिएन लूंग यांनी एक नव्हे तर दोन संकुलांना परवानगी दिल्याचे जाहीर केले. एक मरीना बे येथे, शहराच्या व्यापारी पेठेला लागून. दुसरे सेंटोसा बेटावर, कुटुंबांच्या सहलीसाठी. दोन्ही मिळून सुमारे ३५,००० रोजगार निर्माण होतील, असा अंदाज त्यांनी दिला.

निर्णय सांगताना वापरलेला शब्द कॅसिनो हा नव्हता. ‘इंटिग्रेटेड रिसॉर्ट’ म्हणजे हॉटेल, परिषदगृह, दुकाने, नाट्यगृह, संग्रहालय असे सगळे एकत्र असलेले संकुल, आणि त्यात जुगाराची जागा एकूण क्षेत्राच्या तीन ते पाच टक्के. हा शब्द केवळ झाकण्यासाठी होता, असे त्या वेळी विरोधकांना वाटले आणि तसे वाटणे चूक नव्हते. पण पुढच्या निविदेकडे पाहिले तर सरकारने तो शब्द अक्षरशः अमलात आणला, हेही मान्य करावे लागते.

ती निविदा या साऱ्या इतिहासातला सर्वांत विचारपूर्वक रचलेला कागद आहे, असे मला वाटते. एरवी शहरातील मोक्याचा सरकारी भूखंड जो अधिक बोली लावील त्याला मिळतो. येथे सरकारने जमिनीचा भाव आधीच १.२ अब्ज सिंगापूर डॉलर असा ठरवून टाकला. साठ वर्षांच्या भाडेपट्ट्याची ती किंमत सर्वांना सारखीच. मग स्पर्धा कशावर करायची? निवडीच्या १०० गुणांपैकी ४० गुण पर्यटक खेचण्याच्या क्षमतेला, ३० वास्तुरचनेला, २० एकूण गुंतवणुकीला आणि १० बोलीदाराच्या अनुभवाला व बळाला होते. जुगाराची जागा १५,००० चौरस मीटरच्या वर जाणार नाही आणि खेळाची यंत्रे २,५०० च्या वर असणार नाहीत, हे गृहीतच होते. त्यामुळे कॅसिनो मोठा करून कोणालाच पुढे जाता येत नव्हते. जो उरलेल्या सत्त्याण्णव टक्क्यांवर जास्त खर्च करील आणि ते अधिक देखणे करील, त्यालाच ते तीन टक्के मिळणार होते. इतर शहरांत विकासक जागा मागतो आणि पालिका सवलती देते; येथे जुगाराचा परवाना हीच किंमत ठेवून त्याबदल्यात शहराने स्वतःसाठी इमारती मागून घेतल्या.

मरीना बेसाठी चार प्रस्ताव आले. हॅराज आणि केपेल लँड, एमजीएम मिराज आणि कॅपिटालँड, गेंटिंग आणि स्टार क्रूझेस अशा तीन जोड्या होत्या. लास व्हेगास सॅण्ड्स एकटी उतरली होती. तिचे प्रमुख शेल्डन ॲडेल्सन यांनी मूळ पैसा जुगारात कमावलेला नव्हता. संगणकांचे कॉमडेक्स हे व्यापारी प्रदर्शन त्यांनी मोठे केले होते आणि प्रदर्शनाला आलेला व्यापारी आठवड्याच्या मधल्या दिवसांत हॉटेलांच्या खोल्या भरतो, या अनुभवावर त्यांचे लास व्हेगासमधले साम्राज्य उभे होते. व्यापारी शहराच्या मध्यभागी परिषदांचे केंद्र हवे असलेल्या सरकारला हे गणित पटले. २६ मे २००६ रोजी कंपनीची निवड जाहीर झाली. तिने जमीन सोडून ३.८५ अब्ज सिंगापूर डॉलर गुंतवण्याचे मान्य केले होते. त्याच वर्षी ८ डिसेंबरला सेंटोसाचे संकुल गेंटिंगला मिळाले.

इमारतीचा आराखडा मोशे साफ्दी यांचा. खाडीच्या काठी अडीच हजारांहून अधिक खोल्यांचे हॉटेल एकसंध बांधले असते तर शहर आणि समुद्र यांच्यामध्ये भिंत उभी राहिली असती. म्हणून त्यांनी त्याचे तीन मनोरे केले आणि मनोऱ्यांच्या मधल्या फटींतून आकाश व पाणी दिसत राहील, अशी योजना केली. मग बाग आणि तलाव ठेवायला खाली जागाच उरली नाही. खालची सगळी जमीन परिषदगृह, दुकाने, नाट्यगृहे आणि कॅसिनो यांनी व्यापली होती. यावर तोडगा म्हणून बाग उचलून मनोऱ्यांच्या डोक्यावर नेण्यात आली. ज्या छतामुळे ही इमारत ओळखली जाते ते असे जागेच्या टंचाईतून जन्मले.

ज्या जमिनीवर हे बांधायचे होते ती जमीन चाळीस वर्षांपूर्वी समुद्र होती. १९७० च्या दशकापासून मरीना साउथचा भराव घालण्यात आला आणि दोन दशके तो बसू देण्यात आला. वर भरावाची वाळू, तिच्याखाली मऊ समुद्री चिकणमाती. अशा मातीत खोल तळघरे खणताना कडा कोसळतात आणि बाजूचे रस्ते व बोगदे सरकतात. संरचनेचे काम पाहणाऱ्या अरुप या कंपनीने त्यावर योजलेला उपाय अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी मुद्दाम समजून घ्यावा असा आहे. चौकोनी खड्ड्याला आतून आडव्या टेकूंचे जंगल लावावे लागते आणि त्या जंगलात यंत्रे फिरत नाहीत. गोलाकार काँक्रीटच्या भिंतीला मात्र माती चहूबाजूंनी सारखी दाबते, त्या दाबाने भिंत स्वतःच घट्ट होते आणि मधली जागा मोकळी राहते. विहिरीचे गोल बांधकाम ज्या तत्त्वावर टिकते तेच हे तत्त्व, फक्त व्यास शंभर मीटरच्या पुढचा. काही विहिरी एकेकट्या, तर एक जोड-विहीर भुईमुगाच्या शेंगेसारखी, असा या जमिनीखालचा नकाशा होता.

मनोऱ्यांचे काम दक्षिण कोरियाच्या सांगयाँग या कंपनीने केले. प्रत्येक मनोरा खाली दोन पायांवर उभा आहे. एक पाय जवळपास सरळ, दुसरा कलता, आणि पहिल्या मनोऱ्यात हा कल २६ अंशांपर्यंत जातो. दोन्ही पाय तेविसाव्या मजल्याच्या आसपास एकत्र येतात. ते जुळेपर्यंत कलत्या पायाला तात्पुरते आधार देऊन आणि आतून पोलादी केबलांनी ताणून धरावे लागले. छताचे पोलादी सांगाडे जमिनीवर तयार करून हायड्रॉलिक जॅकच्या साहाय्याने, इंच इंच करत, दोनशे मीटर वर चढवण्यात आले. छत ३४० मीटर लांब आहे आणि त्याचे टोक शेवटच्या मनोऱ्याच्या बाहेर ६५ मीटरहून अधिक अधांतरी निघते. तीन मनोरे वाऱ्यात वेगवेगळे हलतात, म्हणून त्यांना जोडणाऱ्या छतात सांधे ठेवले आहेत. दीडशे मीटर लांबीचा तलावही एकसंध दिसत असला तरी त्याच्या खाली असेच सांधे आहेत आणि मनोरे वर्षानुवर्षे खचत गेल्यास तलावाची पातळी पुन्हा जुळवता यावी म्हणून त्याच्या पायांत जॅक बसवलेले आहेत.

हे सगळे उभारणारे हात प्रामुख्याने परदेशी होते. सिंगापूरच्या बांधकामांवर बांगलादेश, भारत, चीन येथून कंत्राटावर आलेले मजूर काम करतात, आणि मरीना बेवरही तेच होते. उद्‌घाटनाच्या स्मरणिकांत वास्तुविशारदाचे आणि कंपनीच्या प्रमुखांचे नाव असते. कलत्या मनोऱ्याच्या आत केबली ताणणाऱ्यांची नावे कोठे लिहून ठेवलेली नाहीत. त्यांची ही नोंद अपुरी आहे याची मला जाणीव आहे.

कामात अडथळे दोन प्रकारचे आले. २००७ च्या सुरुवातीला इंडोनेशियाने सिंगापूरला वाळू निर्यात करण्यावर बंदी घातली. काँक्रीटचे भाव एकाएकी चढले आणि सरकारला स्वतःच्या साठ्यातली वाळू बाजारात आणावी लागली. त्याहून मोठा तडाखा २००८ च्या अखेरीस बसला. अमेरिकेतील बँका कोसळल्या, लास व्हेगास सॅण्ड्सच्या समभागाचा भाव गडगडला आणि कंपनी पुढे चालू राहू शकेल की नाही, याविषयी तिच्याच हिशेबतपासनिसांनी शंका नोंदवली. ॲडेल्सन कुटुंबाने दोन टप्प्यांत मिळून सुमारे १ अब्ज डॉलर घातले, बाजारातूनही भांडवल उभे केले गेले. मकावमधल्या कोताई येथील कंपनीची अर्धवट बांधकामे थांबली आणि हजारो मजुरांना काढून टाकण्यात आले. सिंगापूरचे काम मात्र थांबवले गेले नाही. त्याची कारणे उघड आहेत. येथले कर्ज मुख्यतः स्थानिक बँकांच्या पाठबळावर उभे होते, सरकारशी केलेला करार कडक होता, आणि दोनच परवाने असलेल्या शहरातला कॅसिनो हीच कंपनीपुढची सर्वांत भरवशाची मिळकत होती. खर्च मात्र वाढत गेला आणि २००९ मध्ये ठरलेले उद्‌घाटन पुढे गेले.

२७ एप्रिल २०१० रोजी पहिला टप्पा उघडला. कॅसिनो, ९६३ खोल्या, दुकानांचा आणि परिषदगृहाचा काही भाग एवढेच तयार होते. जूनमध्ये छतावरची बाग खुली झाली, आणि कमळाच्या आकाराच्या संग्रहालयासह औपचारिक उद्‌घाटन १७ फेब्रुवारी २०११ रोजी झाले. सेंटोसाचा कॅसिनो त्याआधीच, १४ फेब्रुवारी २०१० ला, चिनी नववर्षाच्या दिवशी सुरू झाला होता.

इमारत बांधली जात असतानाच तिच्याभोवती कायद्याचे बांधकामही चालू होते. कॅसिनो नियंत्रण कायदा २००६ मध्ये संमत झाला, स्वतंत्र नियामक प्राधिकरण २००८ मध्ये स्थापन झाले, आणि व्यसनाधीनतेच्या प्रश्नासाठी राष्ट्रीय परिषद तर २००५ मध्येच नेमली गेली होती. परदेशी पाहुण्याला पारपत्र दाखवून मोफत प्रवेश. सिंगापूरच्या नागरिकाला आणि कायम रहिवाशाला सुरुवातीला २४ तासांसाठी १०० सिंगापूर डॉलर किंवा वर्षभरासाठी २,००० शुल्क होते. ही रक्कम कॅसिनोच्या खिशात जात नाही, लोककार्यासाठी ती वेगळी काढली जाते. २१ वर्षांखालील कोणालाही आत सोडत नाहीत, आवारात एटीएम ठेवता येत नाही, स्थानिक लोकांसाठी जाहिरात करता येत नाही. घरातल्या माणसाला आत येऊ देऊ नये, असा अर्ज कुटुंबीय करू शकतात. दिवाळखोरांना आणि सरकारी मदतीवर जगणाऱ्यांना कायद्यानेच मज्जाव आहे. या तरतुदींपैकी कुटुंबीयांचा अर्ज मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण जुगाराचा पहिला आघात जिथे होतो त्या घराच्या हातात तो काही अधिकार देतो.

राष्ट्रीय परिषदेच्या पाहण्यांत जुगाराचे व्यसन असण्याचा संभव असलेल्या रहिवाशांचे प्रमाण २०११ मध्ये २.६ टक्के होते, ते २०१४ मध्ये ०.७ टक्क्यांवर आले. या पाहण्या लोकांनी स्वतः दिलेल्या उत्तरांवर आधारलेल्या असतात, आणि कर्जबाजारी झालेला माणूस पाहणी करणाऱ्याला खरे सांगेलच असे नाही. म्हणून केवळ या आकड्यांवरून प्रयोग यशस्वी झाला, असे मी म्हणणार नाही. पण संकट जेवढे भाकीत केले गेले होते तेवढे कोसळले नाही, हे नाकारता येत नाही.

पर्यटनाचे आकडे अधिक स्पष्ट आहेत. २००९ मध्ये सिंगापूरला ९७ लाख परदेशी पाहुणे आले होते. २०१० मध्ये ते १ कोटी १६ लाख झाले आणि २०१९ मध्ये १ कोटी ९१ लाख. ही सगळी वाढ दोन संकुलांची नाही, कारण याच काळात स्वस्त विमानसेवा वाढल्या आणि चीन व भारत येथील मध्यमवर्ग प्रवासाला निघाला. संकुलाच्या अवतीभवती सरकारनेही भर घातली. खाडीच्या मुखावरचा बंधारा २००८ मध्ये पूर्ण होऊन पुढे तिचे गोड्या पाण्याच्या जलाशयात रूपांतर झाले, चक्राकार हेलिक्स पूल २०१० मध्ये खुला झाला, बेफ्रंटचे भुयारी रेल्वे स्थानक आणि मागचे विस्तीर्ण उद्यान २०१२ मध्ये. पण कंपनीच्या हिशेबात कॅसिनोचे वजन काय, याविषयी संदेह नाही. २०१९ मध्ये मरीना बे सॅण्ड्सच्या एकूण महसुलापैकी दोन तृतीयांशाहून अधिक भाग जुगारातून आला. तीन टक्के जागा उरलेल्या सत्त्याण्णव टक्क्यांना पोसते, हे निविदेचे गृहीतक प्रत्यक्षात तसेच उतरले होते.

मग विस्ताराचा प्रश्न आला, आणि सरकारने जुनीच पद्धत पुन्हा वापरली. ३ एप्रिल २०१९ रोजी दोन्ही संकुलांशी नवे करार जाहीर झाले. प्रत्येकाने सुमारे ४.५ अब्ज सिंगापूर डॉलर नव्याने गुंतवायचे. मरीना बे सॅण्ड्सने चौथा मनोरा, १५,००० आसनांचे प्रेक्षागृह आणि परिषदांसाठी आणखी जागा बांधायची. त्याबदल्यात २०३० च्या अखेरपर्यंत तिसऱ्या कॅसिनोला परवाना मिळणार नाही, आणि जुगाराची जागा मरीना बेला २,००० चौरस मीटरने व सेंटोसाला ५०० चौरस मीटरने वाढवता येईल, यंत्रांची मर्यादाही अनुक्रमे १,००० आणि ८०० ने वाढेल. त्याच दिवशी स्थानिकांचे प्रवेशशुल्क १५० डॉलर आणि वार्षिक शुल्क ३,००० डॉलर करण्याचा निर्णय झाला. जुगाराच्या महसुलावर सर्वसाधारण खेळाडूंसाठी १५ टक्के आणि मोठी अनामत ठेवणाऱ्यांसाठी ५ टक्के असलेला कर मार्च २०२२ पासून टप्प्याटप्प्याचा झाला. पहिल्या गटात तो ठरावीक महसुलापर्यंत १८ आणि त्यापुढे २२ टक्के, दुसऱ्यात तसाच ८ आणि १२ टक्के असा आहे.

लगेचच कोविड आला. एप्रिल २०२० मध्ये कॅसिनो बंद झाला, ज्या परिषदांसाठी नवी दालने बांधायची त्या परिषदाच थांबल्या, आणि काम सुरू करण्याची मुदत वर्षावर वर्ष पुढे ढकलली गेली. जानेवारी २०२१ मध्ये ॲडेल्सन यांचे निधन झाले. रिकाम्या काळात कंपनीने जुने मनोरे आतून मोडून नव्याने सजवण्याचे काम हाती घेतले आणि त्यावर सुमारे १.७५ अब्ज अमेरिकी डॉलर खर्च केले. अडीच हजारांवर असलेली खोल्यांची संख्या त्यात साडेअठराशेच्या आसपास आली, कारण खोल्या मोडून स्वीट करण्यात आले. चौथ्या मनोऱ्यातही आधी ठरलेल्या सुमारे १,००० स्वीटऐवजी ५७० बांधले जाणार आहेत. जुगाराची जागा ठरलेली असली, की तिच्यातून अधिक मिळवायचा एकच मार्ग उरतो, आणि तो म्हणजे अधिक श्रीमंत पाहुणा. या बदलाची शहराला किंमत पडेल, असे मला वाटते. ज्या सर्वसाधारण पर्यटकाच्या नावाने २००५ चा निर्णय समर्थनीय ठरवला गेला, त्याला या मनोऱ्यांत राहणे हळूहळू अशक्य होत आहे.

सिंगापूरच्या रचनेचा आधार इतरांनीही घेतला. जपानने २०१८ च्या कायद्यात जुगाराच्या जागेला संकुलाच्या क्षेत्राच्या ३ टक्क्यांची मर्यादा घातली आणि ओसाकाच्या युमेशिमा या भराव घातलेल्या बेटावर तेथला पहिला कॅसिनो उभा राहत आहे. आपल्याकडे महाराष्ट्राने कॅसिनोंचे नियंत्रण व कर यांविषयीचा कायदा १९७६ मध्येच केला होता. तो कधीही अमलात आणला गेला नाही आणि २०२३ मध्ये रद्द झाला. गोव्याने १९९२ मध्ये आणि नंतर १९९६ मध्ये कायद्यात बदल करून आधी पंचतारांकित हॉटेलांत आणि मग पाण्यावरच्या जहाजांत खेळाला वाट दिली. त्यांतून पणजीला, मांडवीच्या पात्रात, जे कॅसिनो आले त्यांच्या बदल्यात शहराने काय मागून घ्यायचे, हा प्रश्न परवाने देण्याआधी विचारला गेला नाही, आणि जहाजे नदीतून हलवण्याच्या घोषणा वर्षानुवर्षे होत राहिल्या. स्थानिकांना प्रवेशबंदी गोव्यात फेब्रुवारी २०२० मध्ये जाहीर झाली. सिंगापूरने प्रवेशाची अट पहिला खेळ सुरू होण्याआधी कायद्यात लिहिली होती.

नव्या मनोऱ्याचे काम आता भरावाच्या त्याच मातीत चालू आहे, आराखडाही साफ्दी यांचाच आहे. बांधकाम जून २०३० पर्यंत पूर्ण करून जानेवारी २०३१ मध्ये मनोरा खुला करण्याचे उद्दिष्ट कंपनीने जाहीर केले आहे. तिसरा कॅसिनो येणार नाही, हे २०१९ च्या करारातले आश्वासन त्याच्या आदल्याच महिन्यात, ३१ डिसेंबर २०३० ला संपते.